मागचा दांडा

आमच्या घरमालकांना जगातल्या एकाच गोष्टीची चीड होती, ती म्हणजे कलण्याची. महागाई, सुरतेचा उन्हाळा, मागच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट, यांतल्या कशाबद्दलही त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण भिंतीवरचं कॅलेंडर एका अंगाला झुकलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. आम्ही डिंडोलीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हा हमाल अजून जिन्यातच होते आणि हे गृहस्थ खिशातून गवंड्याची पाणसळ काढून आमच्या फ्रिजवर ठेवून बघत होते. नळीतला बुडबुडा मधोमध नव्हता.

"फ्रिज कललाय," ते म्हणाले.

"काका, आतलं दूध सांडत नाहीये," मी म्हटलं.

"आज सांडत नाही. कललं की संपलं."

"कललं की संपलं" हे त्यांचं ब्रीद. लग्न मोडलं, कुणाचा धंदा बुडाला, पूल खचला, शेजारच्या मुलाला गणितात कमी मार्क पडले, सगळ्याचं निदान एकच. माणूस कुठेतरी कलला असणार. स्वतः ते कशाकडेच कलत नसत. मतदानाला कुणाकडे नाही, सोसायटीच्या भांडणात कुणाकडे नाही, बायकोकडे तर अजिबातच नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि तिथेही म्हणे ते कोणत्याच गटात नव्हते. कुठल्याच गटाने त्यांना घेतलं नसणार, असा माझा तर्क आहे.

वाकणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. देवळात ते मूर्तीसमोर असे ताठ उभे राहायचे, की जणू देवानेच काहीतरी अर्ज घेऊन यायचं आहे. बिनलेसचे बूट घालत. हातातून किल्ली पडली तर ती उचलायला खाली जात नसत. तिच्याकडे बघत उभे राहत. मग काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून हात पुसत येत, किल्ली उचलून देत आणि परत पोळ्या लाटायला जात. मला वाटलं, पाठीचं दुखणं असेल बिचाऱ्यांना. काकूंना विचारलंही.

"दुखनंबिखनं काही नही, बाई," काकू म्हणाल्या. "सवय शे."

काकू धुळ्याकडच्या. घरात त्या अहिराणीच बोलत. काका मात्र नोकरीत लागल्यापासून छापील मराठी बोलायचे आणि काकूंच्या प्रत्येक वाक्यानंतर बारीकसा श्वास सोडायचे. आम्ही नाशिकचे, त्यामुळे मला काकूंचं बोलणं समजे. बोलता येत नसे, पण ऐकायला मात्र गोड वाटे.

आता गाडीचं. काकांकडे एक जुनी सेडान होती. तिने डिंडोलीच्या बाहेर पडावं तर भाजीसाठी, नाहीतर लग्नकार्यासाठी. पुढे रिक्षा, बाजूला हातगाडी, मध्ये गाय, अशा रस्त्यावरून मेथीची जुडी आणायला जाणारी ती गाडी. एकदा काकांनी मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला आणि त्यांना साक्षात्कार झाला, की आपली गाडी वळणावर कलते. इतकी वर्षं आपण कलत्या गाडीत बसलो! दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, असं काकू सांगत होत्या.

त्यावर उपाय होता मागचा स्वे बार. मी त्याला दांडाच म्हणते, कारण तो दांडाच असतो. गाडीखाली मागच्या दोन्ही चाकांच्या बाजूंना जोडणारा वाकवलेला पोलादी दांडा. गाडी वळली की ती बाहेरच्या अंगाला झुकते, आणि हा दांडा दोन्ही बाजूंना एकत्र बांधून ते झुकणं आवरतो. कंपनीने बारीक दिलेला असतो. काकांनी जाडजूड मागवला. उधन्याच्या गॅरेजमध्ये तो बसवून घेतला. गाडी रॅम्पवर उंच चढवली होती म्हणून ते दर्शन त्यांना उभ्याने घडलं. काढलेला बारीक दांडा घरी आणला आणि काकूंनी त्यावर पायपुसणी वाळत घालायला सुरुवात केली. त्या घराला त्या दांड्याचा झालेला तो पहिला आणि शेवटचा उपयोग.

दांडा बसल्यावर सगळ्या बिऱ्हाडकरूंना तो बघणं सक्तीचं झालं. आमचे हे हजीऱ्याच्या कारखान्यातली पाळी संपवून दमूनभागून आले, तर काका फाटकातच उभे. "वाका ना, वाका. खाली बघा. लाल रंगाचा दिसतोय तो." हे बिचारे डबा बाजूला ठेवून, मोबाइलचा टॉर्च लावून, गुडघे टेकून गाडीखाली बघत होते आणि काका वरून ताठ उभे राहून विचारत होते, "कसा आहे?" दांड्याला काय म्हणायचं माणसाने? "मजबूत आहे," हे म्हणाले. काकांनी तो शेरा आठवडाभर सगळ्यांना सांगितला, हजीऱ्याच्या इंजिनिअरने दिलेला म्हणून. हे स्टोअरमध्ये आहेत.

मग फेऱ्या. नवीन माणूस दिसला की काका त्याला गाडीत बसवून जवळच्या सर्कलला नेत आणि गरागरा फिरवत. "कलली? कलली का? हँडलिंग बघा." मलाही नेलं. खरं सांगायचं तर गाडी कलली नाही. मी मात्र दाराला चिकटले आणि सकाळचे पोहे घशाशी आले. एक रिक्षावाला बाजूला थांबून आमचं ते प्रदक्षिणा घालणं बघत होता. शेवटी त्याने डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, गरबा रमवा नीकळ्या छो के शुं?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अडाणी," ते मला म्हणाले. "त्याची रिक्षा बघा कशी कलते." ती रिक्षा त्या क्षणी उभी होती.

पण या दांड्याची एक गोम होती आणि ती कळायला सुरतेचा कुठलाही रस्ता पुरेसा होता. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बांधल्या की एका चाकाचं दुखणं दुसऱ्यालाही भोगावं लागतं. पूर्वी डावं चाक खड्ड्यात गेलं तर डावं अंग हबकायचं, तेवढंच. आता डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी मागून आडवी हिसडायची आणि आत बसलेली माणसं चाळणीतल्या गव्हासारखी इकडून तिकडे जायची. सपाट रस्त्यावर, वळणावर, गाडी राणीसारखी. पण सपाट रस्ता आणायचा कुठून? काका त्यावर म्हणायचे, "दोष रस्त्याचा आहे." हे मात्र खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत फक्त एकाने केली, त्यांच्या धाकट्या भावाने. तो नवागामला राहायचा, लूमवर मास्तर होता, हसरा, मोठ्या आवाजाचा. कामरेजला कुणा नातेवाइकाचा साखरपुडा होता. काका, काकू, धाकटा आणि त्याची बायको असे चौघे दांडा बसवलेल्या गाडीतून निघाले. सर्व्हिस रोडला ठिगळं लावलेली होती. तीन-चार हिसके बसले, धाकट्याचं डोकं काचेवर आपटलं आणि त्याला हसू फुटलं.

"दादा, पहिले गाडी कले तं झोप लागे," तो म्हणाला. "आते दात शाबूत शेतस का ते देखनं पडस."

गाडीत सगळे हसले. काकूही हसल्या, आणि तेच जास्त बोचलं असणार. काकांनी गाडी कडेला घेतली आणि समोर बघत म्हणाले, "उतर."

धाकट्याला ती थट्टाच वाटली. तो हसत हसत उतरला. त्याच्यामागे त्याची बायको उतरली, हातात ओटीचं सामान घेऊन. काकांनी गाडी सुरू केली आणि निघून गेले. भर उन्हात, हायवेच्या कडेला, सख्खा भाऊ आणि भावजय. कशासाठी, तर दांड्यासाठी! ते दोघं शेअर रिक्षाने कामरेजला पोचले, तेव्हा काका पंगतीत बसलेले होते. त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. काकूंनी विषय काढला की म्हणत, "तो माझ्या गाडीला हसला." माणूस मेल्यावर सुतक तरी दहा दिवसांत फिटतं.

यात खरं काय पणाला लागलं, ते श्रावण आला तेव्हा कळलं. खानदेशी माणसांची कानबाई श्रावणात बसते. काकूंकडे ती सासूच्या सासूपासून चालत आलेली. कानबाई म्हणजे एक जुना, वाळून खडखडीत झालेला नारळ. वर्षभर तो तांब्याच्या डब्यात कापडात गुंडाळलेला असतो. श्रावणात त्याला डोळे, नथ, दागिने, साडी लेववून चौरंगावर मांडतात आणि दुसऱ्या दिवशी घरातली बाई तो चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर जाते. तिथे देवीला आंघोळ घालायची आणि नारळ परत घरी आणायचा. कानबाई बसते थोरल्याच्या घरी आणि सगळे भाऊबंद तिथे जमतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला देत नाहीत, कण टाकत नाहीत.

त्या वर्षी काकूंच्या मानेला पट्टा लागला होता. डॉक्टरांनी डोक्यावर तांब्यासुद्धा घ्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. चौरंग घ्यायला धाकटी जाऊ होती, पण तिला बोलवायचं कोणी? काकू दोनदा म्हणाल्या, "भाऊले एक फोन करा ना. सन शे." काका म्हणाले, "गरज नाही. कानबाई माझ्या गाडीतून जाईल. तुमच्या डोक्यावर ती डुलते. माझ्या गाडीत हलणारसुद्धा नाही."

काकू माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "बाई, तुम्ही संगे या," त्या म्हणाल्या. "दोन हात जास्ती राहतीन." मी शाळेत रजा टाकली.

रस्ताभर कानबायाच कानबाया होत्या. बँड, गुलाल, डोक्यावर चौरंग घेऊन नाचत जाणाऱ्या बायका, आणि त्यांच्या मधोमध हॉर्न वाजवणारी आमची सेडान. मागच्या सीटवर काकू चौरंग मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी एका हाताने तो धरला होता. दुसरा हात नारळाजवळ. काकूंचे ओठ पुटपुटत होते. मोठ्या रस्त्याच्या वळणावर धाकटी जाऊ उभी दिसली. हातात खणानारळाचं ताट. बोलावणं नाही म्हणून घरी आली नव्हती, पण देवी इथूनच जाणार हे तिला ठाऊक होतं. काकूंनी काच खाली केली.

"थांबा ना. ती ओटी भरी," काकू म्हणाल्या.

काकांनी गाडी थांबवली नाही. सर्कल आलं होतं. त्यांनी वेग कमी न करता ते घेतलं, आणि मान्य करायला हवं, चौरंग तसूभर हलला नाही. आरशातून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "हललं का काही? सांगा ना, हललं?"

"नाही हललं," मी म्हटलं. माझा नाइलाज होता.

आनंदाने त्यांचे कान लाल झाले. पुढची मिरवणूक टाळायला म्हणून त्यांनी त्याच तोऱ्यात गाडी एका आडरस्त्याला घातली. तिथे गटारीचं काम चाललेलं. डाव्या बाजूने चर खणून वरवर माती लोटलेली होती. डावं चाक त्यात धसलं. मग दांड्याने आपलं काम केलं. गाडी मागून अशी हिसडली, की मी काकूंवर गेले, काकू दारावर गेल्या आणि कानबाई नथीसकट उडून दाराच्या कडीवर आपटली. टक्, एवढाच आवाज झाला.

काकूंनी ती उचलली. नारळाला शेंडीपासून डोळ्यापर्यंत तडा गेला होता. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, जणू पुसून जाईल. मला रडू आलं. माझी देवी नव्हे ती, पण आलं.

काका मागे वळले. त्यांनी नारळ पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला, आणि म्हणाले,

"पण गाडी कलली नाही."

मी आजवर पुष्कळ कोडगी माणसं पाहिली आहेत. शाळेत नोकरी केली की दिसतात. पण असं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

काकू ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गाडी उभी करा. माले उतरनं शे." गाडी उभीच होती. त्या उतरल्या, नारळ चौरंगावर ठेवला, नथ नीट केली, आणि मानेच्या पट्ट्यासकट चौरंग डोक्यावर घेतला. मी "काकू, डॉक्टर" एवढंच म्हणू शकले. त्या आल्या वाटेने परत मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेल्या. मी मागे. जाऊ अजून तिथेच उभी होती. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि काकूंच्या डोक्यावरचा चौरंग आपल्या डोक्यावर घेतला. तापीपर्यंत दोघी चालत गेल्या. थोड्या वेळाने मागून आमची सेडान हळूहळू येताना दिसली. एका बँडवाल्याने तिच्या बॉनेटवर थाप मारून तिला बाजूला व्हायला सांगितलं.

भंगलेली कानबाई पुन्हा मांडत नाहीत. मग दुसऱ्या घरून परणून आणावी लागते, म्हणजे सरळ लग्न लावून. त्यांच्यात त्यासाठी घरातल्या थोरल्याने त्या घरी जाऊन पदर पसरावा तशी मागणी घालायची असते. काकूंनी काकांना विचारलं, ते माझ्यादेखत, जिन्यात.

"मी आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही," काका म्हणाले. "एका नारळासाठी वाकणार नाही."

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. मागणी घालायला धाकटा भाऊ गेला आणि कानबाई परणून नवागामला त्याच्या घरी आली. थोरल्याचं घर त्या देवीला मुकलं. काकूंच्या फडताळातला तांब्याचा डबा रिकामा राहिला. काका त्या काळात, दांडा अजून घट्ट कसा करता येईल याचे व्हिडिओ बघत होते.

पुढच्या श्रावणात काकू सकाळीच रिक्षाने नवागामला गेल्या. काकांच्या गाडीत त्या घटनेनंतर बसल्या नाहीत, अगदी दवाखान्यात जायलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी परतल्या, तेव्हा मी भाड्याचं बोलायला खाली गेले होते. आम्ही घर सोडत होतो. काका जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. काकूंनी पदराखालून फडक्यात बांधलेला रोट काढला आणि ताटलीत त्यांच्यापुढे ठेवला.

"त्याच्या घरचा?" काकांनी विचारलं.

"तुमना नावनी मूठ शे त्यामा," काकू म्हणाल्या. "त्यानी गाळी नही."

काकांनी ताटली फिरवून पाहिली. "एका बाजूने जाड झालाय," ते म्हणाले. मग तुकडा मोडला. रोट कोरडा असतो. एक कोर सुटून ताटलीच्या काठावरून घरंगळली आणि टेबलाखाली गेली.

काका तिच्याकडे बघत बसले. नेहमीप्रमाणे वाट बघत. काकूंच्या मानेला अजून पट्टा होता आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. मीच सवयीने पुढे झाले.

"तुम्ही नका, बाई," काकू म्हणाल्या. "भाऊबंद बिगर कोनी हात लावाना नही."

पंखा फिरत होता. काकांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, किल्लीच्या वेळी बघायचे तसं स्वयंपाकघराच्या दाराकडेही पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची मागे सारली, टेबलाची कड धरली, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि मान घालून टेबलाखाली शिरले.

सभ्य बाईने अशा वेळी दुसरीकडे बघावं. मी चांगलं डोळे भरून पाहिलं.